बफर वाढवा, असं मी आता सांगतो

घरच्या स्टुडिओत लेटन्सी जितकी कमी तितका तो स्टुडिओ चांगला, असं मी कित्येक वर्षं मानत आलो आणि लोकांना सांगतही आलो. सांगली-मिरजेत कुणी घरी रेकॉर्डिंगची जुळवाजुळव करायला घेतली की लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात, नाहीतर मला घरी बोलावतात. गाणारे, गाणं शिकवणारे, हार्मोनियमवाले, अलीकडे कथा वाचून ऑडिओबुक करणारेही. तक्रार बहुतेक वेळा त्याच शब्दांत येते: ‘ड्रायव्हरचा काहीतरी घोळ आहे.’ मी जायचो, बफर खाली खाली आणत न्यायचो, तो खाली आल्यामुळे जे क्लिक आणि पॉप सुरू व्हायचे त्यांच्या मागे लागायचो, आणि आकडा ६४ वर टिकला की काम झालं म्हणायचो. आज त्याच घरांत जाऊन मी बफर ५१२ वर नेऊन ठेवतो. हा फरक कसा पडला ते नीट सांगावंसं वाटतं, कारण तो नुसत्या आकड्याचा फरक नाही.

ज्यांना या शब्दांचा सराव नाही त्यांच्यासाठी थोडं. माइकमधून आलेला आवाज इंटरफेस आकड्यांत बदलतो. सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१०० आकडे. हे आकडे एकेक करून काँप्युटरकडे जात नाहीत. ठराविक संख्या जमली की सगळा गठ्ठा एकदम जातो, आमच्याकडचं वडाप माणसं भरल्याशिवाय सुटत नाही तसा. किती जमल्यावर सोडायचं तो आकडा म्हणजे बफर. ६४ चा बफर म्हणजे साधारण दीड मिलिसेकंद, २५६ म्हणजे सहाच्या आत, ५१२ म्हणजे साडेअकरा, १०२४ म्हणजे तेवीस. गठ्ठा लहान असला तर आवाज लवकर पोचतो, पण मग प्रोसेसरला दर दीड मिलिसेकंदाला हजर राहावं लागतं. एकदा जरी त्याला उशीर झाला तरी तो गठ्ठा हुकतो आणि कानाला ‘टक्’ ऐकू येतं. ही ने-आण ज्याच्या हातात असते तो ड्रायव्हर. आवाज आत जाताना एक बफर लागतो, बाहेर येताना दुसरा, वर इंटरफेसचा स्वतःचा आणि यूएसबीचा थोडा वेळ. हा सगळा उशीर म्हणजे लेटन्सी. त्यामुळे बफर ६४ वर असला तरी साध्या यूएसबी इंटरफेसवर जाऊन-येऊन पाच-सहा मिलिसेकंदांच्या खाली क्वचितच जाता येतं.

कमी लेटन्सीचं माझं वेड अनुभवातून आलं होतं. मी हे काम शिकलो ते विंडोज एक्सपीच्या दिवसांत. तेव्हा काँप्युटरमधले सगळे आवाज, गाणं असो की मेल आल्याची घंटा, केमिक्सर नावाच्या एका ठिकाणी एकत्र मिसळूनच बाहेर पडत. रोजच्या वापराला ती सोय उत्तम होती, पण त्या मिसळण्यातच तीसेक मिलिसेकंद जात, बाकीचा उशीर वेगळा. हेडफोन घालून माइकसमोर बोलायला लागलं की आपलाच आवाज मागून यायचा. स्वतःचा आवाज असा उशिरा कानावर पडला की भलाभला वक्ता अडखळतो. गाणाऱ्याची लय तर हमखास मागे ओढली जाते.

यावर उपाय आधीच निघालेला होता. हँबुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये ‘असिओ’ आणलं. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने विंडोजच्या मिसळणाऱ्या यंत्रणेला बाजूला ठेवून थेट साउंड कार्डशी बोलायचं, अशी ती पद्धत. ज्यांच्या कार्डाला असिओ ड्रायव्हर नव्हता त्यांच्यासाठी मिखाएल टिपाख यांनी लिहिलेला असिओ-फोर-ऑल फुकट मिळायचा. माझ्यासारख्या, लॅपटॉपच्या अंगच्याच साउंड चिपवर शिकणाऱ्याला तो केवढा आधार होता! तो बसवल्यावर पहिल्यांदा माझा आवाज माझ्यासोबत कानात आला, तो आनंद मी विसरलेलो नाही. पुढे व्हिस्टापासून विंडोजनेही वासापी आणलं आणि सॉफ्टवेअरला कार्ड एकट्याने वापरण्याची मुभा दिली. मॅकवाल्यांना कोअर ऑडिओमुळे ही खटपट फारशी करावीच लागली नाही. थोडक्यात, उशीर हा शत्रू आणि चांगला ड्रायव्हर म्हणजे त्या शत्रूवर मिळवलेला विजय, हे माझ्या मनात पक्कं बसलं.

ते मत हललं एका गायिकेच्या घरी. ताईंना विद्यार्थ्यांसाठी रागांची आलापी रेकॉर्ड करून ठेवायची होती. काळी चारचा स्वर, मिरजेचा तंबोरा, एक कंडेन्सर माइक, दोन चॅनेलचा यूएसबी इंटरफेस आणि चार-पाच वर्षं वापरलेला लॅपटॉप. ताई पंचमावर थांबल्या, तो स्वर भरत चालला होता, आणि मध्येच टक्. पुन्हा थोड्या वेळाने टक्. ठेका असता तर एखादं क्लिक त्यात लपलंही असतं. नुसत्या तंबोऱ्याच्या अखंड झंकारात मात्र एक गठ्ठा जरी हुकला तरी तो कागदावरच्या छिद्रासारखा उघडा पडतो.

मी सवयीने कामाला लागलो. लेटन्सीमॉन नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम मिळतो. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडवून धरतो ते तो दाखवतो. विंडोजमध्ये प्रत्येक उपकरणाचा ड्रायव्हर आपलं तातडीचं काम रांगेत लावतो, आणि त्यातला एखादा रेंगाळला की मागच्या सगळ्यांना थांबावं लागतं, ऑडिओलाही. तिथे वाय-फायचा ड्रायव्हर लाल रंगात दिसत होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वाय-फाय बंद केलं. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर नेला. वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबीला झोपवतं, ते बंद केलं. इंटरफेस हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावला. टकटक थांबली आणि बफर होता तिथेच, ६४ वर राहिला. माझ्या लेखी काम फत्ते झालं होतं.

ताई पुन्हा गायला बसल्या. तार षड्जावर गेल्या, थांबल्या आणि हेडफोनचा एक कान बाजूला सारून पुन्हा तोच सा लावला.

‘दादा, टकटक गेली. पण वरचा सा पोकळ लागतोय. माझा वाटत नाही.’

मी माइक थोडा लांब केला. हेडफोन बदलून पाहिला. काही फरक नाही. मग केलेलं रेकॉर्डिंग त्यांना ऐकवलं, तर त्यात सा भरदार होता, जसा त्यांचा असतो तसाच. म्हणजे पोकळपणा रेकॉर्डिंगमध्ये उतरतच नव्हता, तो फक्त गाताना त्यांच्या कानात होता. इंटरफेसवर एक लहानशी कळ असते. तिच्या एका टोकाला काँप्युटरमधून येणारा आवाज, दुसऱ्या टोकाला माइकचा थेट आवाज. कित्येक वर्षं मी ती कळ काँप्युटरच्या बाजूला पूर्ण फिरवून ठेवत आलो होतो, कारण आवाज काँप्युटरमधून जाऊनही उशीर न होणं यातच माझं कसब होतं. मी ती थेट आवाजाकडे वळवली आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद केलं. ताईंनी सा लावला. ‘हां, हा माझा,’ म्हणाल्या आणि पुढे गात राहिल्या.

घरी येऊन मी हिशेब मांडला. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज दोन वाटांनी ऐकू येतो: एक कवटीच्या हाडांतून, लगेच, दुसरा हेडफोनमधून. दुसरा सहा मिलिसेकंद मागे असेल तर दोन्ही एकमेकांत मिसळताना काही ठिकाणी स्वर वाढतो आणि काही ठिकाणी एकमेकांना खातो. सहा मिलिसेकंदांना हे खड्डे पडतात ते ८३, २५० आणि ४१७ हर्ट्झच्या आसपास. काळी चारचा मध्य षड्ज २०८ च्या जवळ, तर तार षड्ज ४१५. म्हणजे ताईंचा वरचा सा नेमका खड्ड्यात पडत होता. हाडांतून येणाऱ्या आवाजाचा हिशेब इतका सरळ नसतो हे खरं, पण ताईंच्या कानाने दिलेली साक्ष आणि हा आकडा इतके जवळ आले की मला ते बाजूला सारता येईना. आणि उशीर आणखी कमी केला असता तरी खड्डे गेले नसते. तीन मिलिसेकंदांना ते १६७ आणि ५०० वर सरकले असते, एवढंच. खड्ड्यातला स्वर बदलला असता.

इथे माझ्या जुन्या मताचा पाया सुटला. आकडा खाली आणत राहिलं की शेवटी गाणाऱ्याला सुख मिळतं, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तीस मिलिसेकंदांवरून सहावर आल्याने एक त्रास जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो, जास्त बारीक, नाव न सांगता येणारा. किती गाणाऱ्यांनी माझ्यासमोर एक कान उघडा ठेवून गायलं असेल! ती त्यांची लकब आहे असं मी समजत होतो.

मग मी विचार करायला लागलो की कमी लेटन्सीचा हा ध्यास मुळात कुठून आला. उत्तर फार लांब नव्हतं. घरच्या स्टुडिओविषयी मी जे काही वाचलं, पाहिलं, ते बहुतेक इलेक्ट्रिक गिटार आणि कीबोर्ड वाजवणाऱ्यांनी सांगितलेलं. गिटारची तार छेडली तर खोलीत बारीक टिणटिण ऐकू येते. तिचा खरा आवाज अँप्लिफायरमध्ये तयार होतो, आणि तो अँप्लिफायर आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. १९९९ मध्ये व्हीएसटी या प्लग-इन पद्धतीची दुसरी आवृत्ती आली आणि वाद्यंच्या वाद्यं सॉफ्टवेअरमध्ये वाजायला लागली. पट्टी दाबल्यावर आवाज जन्मतो तोच काँप्युटरच्या आत. अशा वादकाला उशीर म्हणजे हात आणि कान यांची फारकत. त्यांची गरज खरी होती आणि असिओने ती भागवली.

आमच्या घरांत काय रेकॉर्ड होतं? गळा, तंबोरा, सतार, हार्मोनियम, तबला, बासरी, वाचन. हे सगळे आवाज काँप्युटरच्या आधीच खोलीत पूर्ण झालेले असतात. काँप्युटरने ते फक्त लिहून घ्यायचे, एकही आकडा न गाळता. लिहून घेणाऱ्याला बारा मिलिसेकंद उशीर झाला तर काय बिघडलं? उलट आमचं संगीतच असं की त्यात गळलेला एक गठ्ठा लपत नाही. दुसऱ्यांच्या गरजेतून आलेलं माप मी आमच्या गाण्याला लावत होतो, आणि त्या मापासाठी जे आम्हाला खरंच हवं होतं तेच पणाला लावत होतो. हे मला फार मनापासून सांगायचं आहे, कारण गावोगावची पोरं अजून तेच माप घेऊन बसलेली मी पाहतो.

मत बदलल्यावर दुरुस्तीची पद्धतही बदलली. पूर्वी ‘ड्रायव्हरचा घोळ’ म्हटलं की मी नवा ड्रायव्हर शोधायला धावायचो. आता आधी विचारतो, नेमकं काय ऐकू येतंय? टक् येतं, की काहीच येत नाही, की स्वर बदलतो, की दोन ट्रॅक हळूहळू वेगळे पडतात? या चार तक्रारींची मुळं चार ठिकाणी असतात, आणि त्यांतल्या फार थोड्या ठिकाणी ड्रायव्हर खरोखर बिघडलेला असतो.

स्वर बदलल्याची तक्रार घेऊन एक विद्यार्थी आला होता. ‘काका, मी काळी चारला गायलो आणि वाजवलं तर वेगळंच वाजतंय, ड्रायव्हर करप्ट झालाय.’ पेटी काढून पाहिलं, तर षड्ज पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधोमध. हे ऐकल्याबरोबर कारण कळतं. रेकॉर्डिंग ४४,१०० च्या वेगाने झालेलं आणि इंटरफेस ४८,००० च्या वेगाने वाजवतोय. फरक सुमारे नऊ टक्क्यांचा, म्हणजे दीड पट्टीपेक्षा किंचित कमी. दहा मिनिटांची चीज नऊ मिनिटं अकरा सेकंदांत संपते. सीडीच्या जमान्यापासून संगीत ४४,१०० वर आणि व्हिडिओ ४८,००० वर, अशी दोन घराणी चालत आली आहेत. व्हिडिओ कॉल करून उठलेला इंटरफेस ४८,००० वर राहतो आणि गाण्याचा प्रोजेक्ट ४४,१०० वर असतो. दोन्हीकडचा आकडा एक केला की झालं. त्या मुलाने तोवर ड्रायव्हर काढून पुन्हा घालणं, विंडोज नव्याने टाकणं, सगळं करून झालं होतं.

काहीच ऐकू येत नाही, हे बहुधा परवानगीचं प्रकरण असतं. विंडोज १० पासून आणि मॅकवर २०१८ च्या मोहावेपासून माइक कुणाला वापरू द्यायचा हे सेटिंगमध्ये ठरतं. तिथे ‘नाही’ असेल तर ट्रॅक चालू दिसतो आणि शांतता रेकॉर्ड होते. नाहीतर कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर द्यायची राहिलेली असते. सलग गुणगुण येत असेल तर तिचा ड्रायव्हरशी संबंध फारसा नसतोच. आपल्या विजेची ५० हर्ट्झ म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वरचा स्वर, अर्थिंग नसलेल्या जुन्या घरात तो तंबोऱ्याच्या खाली बसून राहतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर घेऊन पाहावं, गुणगुण गेली तर इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

दोन ट्रॅक वेगळे पडणं मात्र मला अजून सगळ्यात गुंतवून ठेवतं. गायकाला एक यूएसबी माइक, तबल्याला दुसरा, दोन्ही असिओ-फोर-ऑलमध्ये एकत्र केलेले. सुरुवातीला सम समेवर, तासाभराने तबला स्पष्ट मागे. प्रत्येक यूएसबी माइकच्या पोटात त्याचं स्वतःचं घड्याळ असतं, आणि दोन घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखांत पन्नासाचा फरक असला तरी तासाला ०.१८ सेकंद होतो. समेची मजा घालवायला तेवढं पुष्कळ आहे. मॅकवर दोन उपकरणं जोडताना हा फरक सांधण्याची सोय आहे, तरी माझा सल्ला एकच असतो: दोन साधे माइक आणि दोन चॅनेलचा एक इंटरफेस. घड्याळ एक, मग भांडण नाही.

राहिलं टक्. त्यासाठी लेटन्सीमॉन, वाय-फाय, पॉवर प्लॅन हे सगळं मी अजून करतो, पण सगळ्यात आधी बफर वाढवतो, आणि बहुतेक घरांत पुढचं काही करावंच लागत नाही. आपल्याकडच्या काही गोष्टी मात्र परदेशी मार्गदर्शनात सापडत नाहीत. रेकॉर्डिंगला बसायचं म्हणून आपण खिडक्या लावतो, पंखा बंद करतो. एप्रिलमधल्या दुपारी ती खोली भट्टी होते, लॅपटॉप तापतो आणि स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतो. पहिले दोन टेक स्वच्छ आणि तिसऱ्यापासून टकटक, असं झालं की मी ड्रायव्हरकडे पाहतच नाही, लॅपटॉपच्या पाठीला हात लावतो. तसंच लाइट गेल्यावर. मशीन बॅटरीवर येतं, पॉवर प्लॅन बदलतो, वेग पडतो. ६४ वर कडेलोटाला उभा असलेला सेटअप तिथेच कोसळतो. ५१२ वरचा टेक पूर्ण होतो.

यात पैशाचाही प्रश्न आहे, आणि मला तो लहान वाटत नाही. कमी लेटन्सी हेच माप धरलं की प्रत्येक टकटकीचा शेवट ‘नवा लॅपटॉप घ्या’ या वाक्यावर होतो. दादाचा जुना लॅपटॉप वापरून रियाज रेकॉर्ड करणाऱ्या मुलीला हे वाक्य सांगणं म्हणजे दार लावून घेणं. बनवणाऱ्या कंपनीने ज्यांचे ड्रायव्हर काढणं थांबवलं आहे असे जुने इंटरफेसही घराघरांत पडून आहेत. यूएसबी ऑडिओचा २.० हा मानक प्रकार विंडोज १० ला २०१७ पासून स्वतःहून ओळखता येतो. त्याच्या आधीचा १.० तर फार पूर्वीपासून. त्या मानकाला धरून बनलेला जुना इंटरफेस कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय लागतो, वासापीवर चालतो. लेटन्सी कमी मिळणार नाही. पण ऐकायला थेट आवाजाची कळ आहे, लिहायला मोठा बफर आहे. मग त्या मुलीचं काय अडलं?

दोन अडचणी या पद्धतीत खऱ्या आहेत, आणि मला त्या कुणी विचारायच्या आधी सांगायला आवडतात. पहिली, गाणाऱ्यांना कानात थोडा रिव्हर्ब हवा असतो. कोरडा थेट आवाज ऐकून गाणं जड जातं, याबाबतीत ते बरोबर आहेत. त्यावर मी हे करतो: मूळ आवाज इंटरफेसमधून थेट, आणि काँप्युटरमधून फक्त रिव्हर्बची शेपटी, कोरडा आवाज अजिबात न मिसळता. मोठ्या दिवाणखान्यातही भिंतीवरून पहिला पडसाद यायला वीस-तीस मिलिसेकंद लागतातच. बफरचा उशीर त्या पडसादाच्या उशिरात विरून जातो. पूर्वी जो उशीर मारायला मी रात्री घालवल्या तोच इथे खोलीचा आकार वाढवून देतो.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. लेहरा ऐकत तबला भरायचा असेल, तर तबल्याचा ट्रॅक नेमका जागेवर बसायला हवा, आणि बफर मोठा असला की ही जबाबदारी पूर्णपणे ड्रायव्हरवर येते. आपल्याला किती उशीर होतो ते ड्रायव्हर सॉफ्टवेअरला कळवतो, आणि सॉफ्टवेअर ट्रॅक तेवढा मागे सरकवतं. ड्रायव्हरने आकडा चुकीचा कळवला तर प्रत्येक ट्रॅक तेवढाच चुकतो. द्रुत तीनताल मिनिटाला ३०० मात्रांच्या वेगात असेल तर एक मात्रा २०० मिलिसेकंदांची, तिच्यात दोन बोल, म्हणजे बोलाला शंभर. त्यात दहाचा फरक जाणकार तबलजीला लगेच खटकतो. तो स्वतःच्या हाताला दोष देतो आणि पुन्हा वाजवतो. म्हणून नव्या सेटअपवर मी एक छोटी केबल घेऊन बसतो. इंटरफेसच्या आउटपुटमधून ती त्याच्याच इनपुटला लावायची, एक क्लिक वाजवायचं, तेच रेकॉर्ड करायचं आणि दोन्ही लहरी पडद्यावर मोठ्या करून पाहायच्या. दोन्ही टोकं एका रेषेत असली तर ड्रायव्हर खरं सांगतोय. नसली तर फरक सॅम्पलमध्ये मोजायचा आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तो आकडा भरायचा. रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी जागाच दिलेली आहे. मी ड्रायव्हर पारखतो तो आता या कसोटीवर. किती वेगवान आहे यापेक्षा आपला उशीर तो खरा सांगतो का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

ऑडिओबुक वाचणाऱ्यांचं काम यातलं सर्वांत सोपं. त्यांना कानात काही लागतच नाही. १०२४ वर ठेवून निवांत वाचावं, आणि वाचन चालू असताना विंडोजचं अपडेट पुढे ढकलून ठेवावं. ड्रायव्हर चालतोय तोवर एखादं मोठं काम अर्ध्यात असताना त्याला नवं काही घालू नये, हेही मी आग्रहाने सांगतो. पूर्वी नवी आवृत्ती आली की मीच पहिला धावत असे.

माझ्या ओळखीचा एक कीबोर्डवाला आहे, ऑर्केस्ट्रात वाजवतो, घरी गाण्यांचं संयोजन करतो. सतारीपासून व्हायोलिनच्या ताफ्यापर्यंत त्याची सगळी वाद्यं सॉफ्टवेअरमधली. त्याला मी ५१२ सांगत नाही. त्याच्या मशीनवर कंपनीचाच असिओ ड्रायव्हर आहे, वाय-फाय बंद आहे, बफर ६४ आहे, आणि टक् आलं की तो फोन करतो आणि मी लेटन्सीमॉन घेऊन बसतो. त्याच्यासाठी जुनं माप बरोबरच होतं. फक्त आता पुढच्या घरी जाताना ते सोबत नेत नाही. तिथे आधी विचारतो, तुम्ही काय वाजवता आणि गाताना कानात काय हवंय.